यहुदी शिक्षणशास्त्राची अर्धवेळ पदवी : बेने इस्राएल विश्वस्त मंडळांना खुले पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल सिनेगॉगांची व शैक्षणिक न्यासांची विश्वस्त मंडळे यांस,



महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि त्या चालवण्याचा जो अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना दिला आहे, त्याचा विचार समाजाने नव्याने करावा, असे निमित्त या निर्णयाने मिळाले. मात्र अधिकार कागदावर असणे आणि तो वर्गात उतरणे या दोन गोष्टींच्या मध्ये शिक्षक उभा असतो, आणि मुलांना हिब्रू, तोरा व सणवार शिकवणारी माणसे समाजात बहुतेक वेळा दुसरी नोकरी करून, मिळेल त्या संध्याकाळी किंवा रविवारी हे काम करत असतात. समाजात आज शिकवत असलेल्या दोन-तीन व्यक्तींना नोकरी न सोडता यहुदी शिक्षणशास्त्राची पदवी अर्धवेळ अभ्यासाने मिळवता यावी, आणि त्यासाठी सर्व मंडळांनी मिळून आर्थिक व व्यावहारिक पाठबळ उभे करावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिले आहे.

ही पदवी म्हणजे नेमके काय, याविषयी दोन गैरसमज संभवतात. पहिला असा की, ही धर्मगुरूची पदवी आहे. वस्तुतः रब्बी होण्यासाठी जी दीक्षा लागते, जिला स्मिखा म्हणतात, तिचा संबंध हलाखा म्हणजे यहुदी धर्मशास्त्रीय आचारनियम यांवर निर्णय देण्याच्या अधिकाराशी आहे. शिक्षणशास्त्राची पदवी असा कोणताही अधिकार देत नाही आणि तो मागतही नाही. दुसरा गैरसमज असा की, ही बी.एड.चीच धार्मिक आवृत्ती आहे. बी.एड.मध्ये अध्यापनाची तत्त्वे शिकवली जातात आणि विषयाचे ज्ञान विद्यार्थ्याने आधीच मिळवलेले आहे असे धरले जाते, तर यहुदी शिक्षणशास्त्रात ग्रंथज्ञान आणि अध्यापनविद्या या दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासक्रमात, एकमेकींवर सतत ताडून पाहत शिकवल्या जातात. ग्रंथांच्या बाजूला तनाख, म्हणजे तोरा, प्रेषितांचे ग्रंथ आणि इतर लेखन यांचा मिळून झालेला हिब्रू बायबलचा संग्रह; इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना; तिच्यावरील चर्चेतून घडलेला तल्मूद; प्रार्थनासंग्रह, इतिहास आणि भाषा असे विषय येतात. अध्यापनाच्या बाजूला बालमानसशास्त्र, अभ्यासक्रमरचना, मूल्यमापन आणि प्रत्यक्ष वर्गातील निरीक्षित पाठ येतात. या दोन बाजू जोडणारी संकल्पना अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुल्मन यांनी १९८६ साली मांडली. शिक्षकाजवळ विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे सामान्य कौशल्य यांखेरीज तिसऱ्या एका प्रकारचे ज्ञान असावे लागते, ते म्हणजे हा विशिष्ट विषय या विशिष्ट वयाच्या मुलाला कोठे अडतो आणि कसा उलगडतो याचे ज्ञान, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

याचे एक उदाहरण तोरातच सापडते. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी देण्यासाठी डोंगरावर नेतो आणि अखेरच्या क्षणी त्याला थांबवले जाते. ही कथा रोश हशाना या नववर्षाच्या सणाला दुसऱ्या दिवशी सिनेगॉगात वाचली जाते, त्यामुळे ती टाळता येत नाही. आठ वर्षांचे मूल ती ऐकते तेव्हा त्याच्या मनात भीती उभी राहते, कारण ते स्वतःला इसहाकाच्या जागी ठेवते. चौदा वर्षांचा मुलगा मात्र अब्राहामाने प्रश्न का विचारला नाही असे विचारतो, आणि त्याला अकराव्या शतकातील फ्रान्समधील भाष्यकार राशी याने या अध्यायावर काय म्हटले आहे ते दाखवता येते. कथा एकच असली तरी पाठ दोन तयार करावे लागतात, आणि ते कसे करावेत हे केवळ श्रद्धेने किंवा केवळ हिब्रू वाचता आल्याने कळत नाही. पेसाहच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या हग्गादा या ग्रंथात चार प्रकारच्या मुलांना चार वेगळ्या रीतींनी उत्तर द्यावे अशी योजना आहेच. म्हणजे शिकणाऱ्यानुसार शिकवणे बदलते हा विचार परंपरेला नवा नाही, आणि हग्गादाची हिब्रू–मराठी आवृत्ती मुंबईत १८४६ सालीच शिळाछापावर छापली गेली होती.

अर्धवेळ अभ्यास ही पूर्णवेळ अभ्यासाची कमी दर्जाची आवृत्ती आहे, असा समज सर्वत्र आढळतो. यहुदी शिक्षणाच्या इतिहासाला मात्र तो लागू पडत नाही. ज्या देशांत यहुदी मुले सर्वसाधारण शाळांत जातात तेथे धार्मिक शिक्षण शाळा सुटल्यावर किंवा रविवारी होते, म्हणून शिक्षकाचे कामच मुळात अर्धवेळचे असते आणि त्याचे प्रशिक्षणही त्याच वेळापत्रकात बसवावे लागते. फिलाडेल्फियात रिबेका ग्रॅट्झ यांनी १८३८ साली हिब्रू संडे स्कूल सुरू केले तेव्हा शिकवणाऱ्या स्त्रिया स्वयंसेवक होत्या आणि त्यांना प्रशिक्षण देणारी कोणतीही संस्था नव्हती. ही उणीव दूर होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. त्यांचे बंधू हायमन ग्रॅट्झ यांनी ठेवलेल्या निधीतून त्याच शहरात १८९५ साली ग्रॅट्झ कॉलेजची स्थापना झाली आणि शिक्षक घडवणे हे त्याचे मुख्य काम ठरले. न्यूयॉर्कच्या ज्युइश थिऑलॉजिकल सेमिनरीने १९०९ साली शिक्षकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण संस्था काढली व ती मॉर्डेकाय कॅप्लन यांच्याकडे सोपवली. पुढच्याच वर्षी सॅमसन बेंडर्ली या, वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या गृहस्थांनी त्या शहरातील यहुदी शिक्षणमंडळाची सूत्रे हाती घेतली आणि अध्यापन हा फावल्या वेळाचा उद्योग न राहता शिकून करण्याचा व्यवसाय व्हावा असा आग्रह धरला. लंडनमध्ये १८५५ साली स्थापन झालेले ज्यूज कॉलेज आज लंडन स्कूल ऑफ ज्युइश स्टडीज या नावाने चालते, आणि तेथेही शाळांत काम करणाऱ्या शिक्षकांना नोकरी सांभाळून शिकण्याची सोय आहे. या सर्व संस्थांच्या वाटचालीतून एकच गोष्ट दिसते की, चालत्या वर्गातील शिक्षकालाच शिकवायचे असेल तर अभ्यासक्रम त्याच्याकडे जावा लागतो.

महाराष्ट्रालाही ही पद्धत अपरिचित नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, आणि सेवेत असलेल्या हजारो शिक्षकांनी त्याच्या बी.एड. अभ्यासक्रमातून नोकरी करता करता पात्रता मिळवली. ज्या शिक्षकाचा वर्ग दररोज भरतो त्याला सकाळी वाचलेली पद्धत दुपारी वापरून पाहता येते आणि ती फसली तर का फसली हे संध्याकाळी लिहून काढता येते. पूर्णवेळ विद्यार्थ्याला अशी संधी वर्षातून काही आठवड्यांच्या सरावपाठांपुरतीच मिळते.

मंडळांनी निर्णय घेण्यापूर्वी या अभ्यासाला लागणारा वेळ स्पष्टपणे समजून घेणे आवश्यक आहे. ब्रिटनमधील पद्धतीत अभ्यास क्रेडिट या एककात मोजला जातो व एक क्रेडिट म्हणजे व्याख्यान, वाचन, लेखन आणि परीक्षा मिळून सुमारे १० तासांचे काम असे धरले जाते. ऑनर्स पदवीला ३६० क्रेडिट म्हणजे ३,६०० तास लागतात, आणि अर्धवेळ विद्यार्थ्याने वर्षाला ६० क्रेडिट पूर्ण केले तर पदवी ६ वर्षांत मिळते. ज्याच्याजवळ कोणत्याही विषयाची पदवी आधीच आहे त्याने पदव्युत्तर अभ्यासक्रम घेणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण तो १८० क्रेडिटचा असून त्याच गतीने ३ वर्षांत संपतो. दोन्ही बाबतींत वर्षाला ६०० तास येतात. वर्षातील ४० आठवडे अभ्यासाचे धरले तर आठवड्याला १५ तास. आठ तासांची नोकरी, मुंबईतील लोकलचा प्रवास, घर आणि आठवड्याचा यहुदी वर्ग यांतून हे १५ तास आपोआप निघत नाहीत, कोणीतरी ते काढून द्यावे लागतात, आणि मंडळांच्या मदतीची खरी गरज शुल्काइतकीच येथे आहे.

वेळापत्रकाचे आणखी दोन प्रश्न आहेत, जे माहितीपत्रकात दिसत नाहीत. लंडनमध्ये संध्याकाळी ७ वाजता सुरू होणारा वर्ग मुंबईत उन्हाळ्यात रात्री ११.३० ला आणि हिवाळ्यात १२.३० ला सुरू होतो. न्यूयॉर्कचा त्याच वेळचा वर्ग पहाटे ४.३० किंवा ५.३० ला पडतो. जेरुसलेमचा मात्र रात्री ९.३० किंवा १०.३० ला येतो आणि म्हणून तो तुलनेने झेपणारा आहे. याचा अर्थ असा की, संस्थेची निवड करताना तिच्या नावलौकिकाइतकेच महत्त्व व्याख्याने नंतर ऐकण्याची मुभा आहे काय या प्रश्नाला द्यावे लागेल. दुसरी अडचण पंचांगाची आहे. तिश्री महिन्यातील रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ आणि सिमहाथ तोरा हे सण सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये, नेमके पाश्चात्त्य विद्यापीठांच्या सत्रारंभी येतात. यहुदी संस्था हे गृहीत धरून सत्र आखतात, पण मुंबईच्या शिक्षकावर याच काळात सिनेगॉगातील कामाचाही सर्वाधिक भार असतो, म्हणून त्या महिन्यात त्याच्याकडून लेखी काम अपेक्षित धरू नये, असे मंडळांनी आणि संस्थेने आधीच ठरवून घेणे बरे.

नोकरी करत विद्या मिळवण्याची आणि ती समाजाला परत देण्याची रीत बेने इस्राएलांच्या स्वतःच्या इतिहासात ठळकपणे आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीहून आलेल्या शिक्षकांनी कोकणातील व मुंबईतील कुटुंबांना हिब्रू प्रार्थना शिकवल्या. अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळांनी, त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा असला तरी, बायबल मराठीत वाचण्याची सवय लावली आणि जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. पुढे ही दोन्ही सूत्रे समाजाने आपल्या हाती घेतली. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेत दीर्घकाळ मुख्याध्यापक होते, आणि ती नोकरी करत असतानाच त्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे सिद्ध केली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली, जी पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १८८० पासून तोरातील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली; अब्राहाम, योसेफ, मोशे आणि एस्तेर यांची आख्याने ओव्या, साक्या व आर्यांत बांधून वीणा-मृदंगाच्या साथीने सांगितली गेली, आणि हिब्रू न समजणाऱ्या श्रोत्यांपर्यंत, विशेषतः स्त्रियांपर्यंत, धर्मग्रंथ पोहोचला. रिबेका रूबेन १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या, त्यांनी इंग्लंडमध्ये अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि १९२२ ते १९५० या काळात केहिमकरांनी काढलेल्या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. प्रशिक्षित शिक्षक एका शाळेचे काय करू शकतो याचे यापेक्षा जवळचे उदाहरण समाजाला शोधावे लागणार नाही.

परदेशी संस्थेकडून काय घ्यावे हे जसे ठरवावे लागेल, तसे तिच्याजवळ काय नाही हेही ओळखावे लागेल. लंडन किंवा फिलाडेल्फियाच्या पाठ्यक्रमात मलिदा नाही. प्रेषित एलियाहू हन्नाबी यांच्या स्मरणार्थ, नवस फेडताना किंवा मंगल कार्यापूर्वी, भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर आणि ओले खोबरे यांचे ताट फळांनी सजवून जी प्रार्थना केली जाते, ती प्रत्येक बेने इस्राएल मुलाने पाहिलेली असते. पण त्या ताटातील फळांवर म्हटले जाणारे आशीर्वाद एकसारखे का नसतात, हे फारच थोड्या मुलांना सांगितले गेलेले असते. खजुरावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हणतात, तर केळ्यावर जमिनीच्या फळाचा. मिश्नेच्या बेराखोथ या भागाच्या सहाव्या अध्यायात हा भेद सांगितला आहे आणि तल्मूदात त्याची कसोटी दिली आहे : फळ काढल्यावर त्याच फांदीला पुन्हा फळ धरत असेल तर ते झाडाचे, अन्यथा जमिनीचे. कोकणातील मुलाला याचा पुरावा परसातच मिळतो, कारण घड उतरवला की केळीचा तो खुंट तोडून टाकावा लागतो व पुढचे फळ बाजूच्या पिलाला येते. घरचे ताट, परसातील केळ आणि सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची चर्चा या तिन्हींना एका तासात जोडणारा पाठ तयार करणे हेच प्रशिक्षित शिक्षकाचे काम आहे. त्याच प्रकारे आव महिन्याच्या नवमीला, म्हणजे जेरुसलेममधील मंदिराच्या इ. स. पू. ५८६ आणि इ. स. ७० मधील विध्वंसांच्या स्मरणदिनी, वालाचे बिरडे खाण्याची जी चाल समाजात आहे आणि जिच्यामुळे तो दिवस बिरड्याचा सण म्हणून ओळखला जातो, तिच्यातून शोकाचे नियम, मांसाहार वर्ज्य करण्याची प्रथा आणि मंदिराचा इतिहास हे सर्व शिकवता येते. पदवीच्या शेवटी जो प्रबंध लिहावा लागतो त्यासाठी असे विषय निवडले गेले, तर विद्यार्थ्याला पदवी, समाजाला मराठी पाठ्यपुस्तक आणि त्या संस्थेला तिच्या ग्रंथालयात नसलेली सामग्री मिळेल.

या प्रस्तावावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला संख्येचा. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज भारतात आज चार-पाच हजारांवर आला असताना पदवीधर शिक्षकांची गरज काय, असे विचारता येईल. तल्मूदात यासंबंधी एक जुना निर्णय आहे : २५ मुलांमागे एक शिक्षक नेमावा, ४० मुले झाली तर त्याला मदतनीस द्यावा आणि ५० झाली तर दोन शिक्षक नेमावेत, आणि हा खर्च गावाने उचलावा. या नियमाप्रमाणे पाहता मुंबई-ठाण्याच्या परिसरालाही मोजकेच शिक्षक लागतील, आणि म्हणूनच त्यांना उत्तम प्रशिक्षण देणे परवडण्याजोगे आहे. शिवाय थोडी मुले म्हणजे सोपा वर्ग असे नाही. सहा वर्षांची आणि तेरा वर्षांची मुले एकाच खोलीत बसतात तेव्हा शिक्षकाला जास्त विद्या लागते. दुसरा आक्षेप स्थलांतराचा. शिकलेला शिक्षक इस्राएलला जाईल ही भीती निराधार नाही, पण तो जाण्यापूर्वी त्याने तयार केलेले मराठी पाठ येथे राहतील, आणि तो गेला तरी लोद, अश्दोद, बेरशेबा व दिमोना येथील मराठी बोलणाऱ्या कुटुंबांना त्याचा उपयोगच होईल. तिसरा आक्षेप असा की, परदेशी पदवीला भारतात मान्यता मिळेलच असे नाही. शासनमान्य शाळेत नेमणूक व्हायची तर भारतीय पात्रता लागतेच आणि ही पदवी तिची जागा घेणार नाही, हे उमेदवाराला आधीच स्पष्टपणे सांगितले पाहिजे व समकक्षतेची चौकशी प्रवेशापूर्वी केली पाहिजे. पण सिनेगॉगाच्या वर्गासाठी शासनाची मान्यता लागत नाही, तेथे लागते ती विद्या.

समाजाने आपल्या वास्तू जपल्या आहेत. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत उभारलेले शार हाराहमीम आणि ठाण्याचे १८७९ चे शार हाशमाईम ही सिनेगॉगे आजही उभी आहेत. ज्या तळमळीने भिंती आणि छपरे जपली गेली, त्याच तळमळीने आता शिक्षकाकडे पाहिले जावे, एवढीच अपेक्षा आहे.

यासाठी मंडळांनी चार गोष्टी कराव्यात. सर्व न्यासांनी मिळून एक संयुक्त शिष्यवृत्ती निधी उभारावा, कारण एकट्या सिनेगॉगाला हा भार पेलणार नाही. उमेदवार निवडताना पदव्यांपेक्षा तो गेली काही वर्षे मुलांना खरोखर शिकवतो आहे काय हे पाहावे, आणि स्त्री उमेदवारांना समान संधी द्यावी. अभ्यासाच्या काळात त्याच्याकडील इतर सेवा कमी करून आठवड्याचे तास मोकळे करावेत. आणि शिष्यवृत्तीच्या बदल्यात त्याच्याकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : दर वर्षी एका सणावरील किंवा तोराच्या एका भागावरील मराठी पाठमाला, आणि पदवीनंतर दोन नव्या शिक्षकांना हाताखाली तयार करण्याची जबाबदारी. येत्या तिश्रीपूर्वी सर्व मंडळांनी एक संयुक्त बैठक घेऊन पहिल्या दोन उमेदवारांची निवड करावी, ही आग्रहाची विनंती.